बाटलीवर नाव, वहीत तारीख

पोरी, औषधशोधाच्या एवढ्या छोट्या कंपनीत तू निघालीस याचा मला मनापासून आनंद झाला. अकरा माणसं म्हणालीस. चार केमिस्ट, तीन बायोलॉजिस्ट, एक कॉम्प्युटरवर रेणू बसवून बघणारा, एक जण औषध पोटात गेल्यावर त्याचं काय होतं ते बघणारी, आणि दोघे संस्थापक, जे संशोधनही करतात आणि पैसेही आणतात. मोठ्या कंपनीत एका टेबलावरची चूक पुढच्या टेबलावर पकडली जाते. तुमच्याकडे पुढच्या टेबलावर फिरून तूच बसलेली असणार. चुकीच्या रेणूमागे वर्ष घालवणं तुम्हाला परवडायचं नाही. हुशारी तुझ्याकडे आहे, तिच्याबद्दल मी काही सांगत नाही. सवयींबद्दल सांगते, त्या मात्र मुकाट्याने ऐक.

१. आधी लेबल, मग कंपाउंड – रोटाव्हॅपवरून फ्लास्क उतरवताना पाठ असलेला नंबर चहा पिऊन येईपर्यंत डोक्यातून जातो. लेबलवर वहीचं पान, बॅच, वजन, तारीख आणि तुझी आद्याक्षरं हवीत, आणि शाई अशी की अ‍ॅसिटोनचा थेंब पडला तरी पुसणार नाही. ज्या बाटलीला नाव नाही, तिला लॅबमध्ये गाव नाही.

२. वही त्याच दिवशी, फ्यूम हूडपाशीच लिही – रंग कधी बदलला, फ्लास्कच्या तळाला चिकट काय राहिलं, हे रात्री आठवून लिहिताना गळतं. आणि हीच रिअ‍ॅक्शन पुढे कधी बिघडली की नेमकं तेच हवं असतं.

३. फसलेली रिअ‍ॅक्शन जमलेल्या रिअ‍ॅक्शनइतकीच सविस्तर लिही – नाहीतर शेजारच्या हूडवरचा मुलगा पुढच्या महिन्यात तीच फसवत बसेल, आणि दोघांचा पगार एकाच अपयशावर खर्ची पडेल.

४. रात्रभर ठेवलेल्या रिअ‍ॅक्शनवर कागद चिकटव: आत काय आहे, तापमान किती, पाणी लागलं तर काय होईल, तुझा मोबाइल नंबर – पुण्यात गुरुवारी नळ कोरडे पडायची सवय जुनी आहे, कंडेन्सरचं पाणी थांबलं तर वॉचमनने उठवायचं कोणाला?

५. ओढणी, सिंथेटिक कुर्ता आणि मोकळे केस लॅबच्या दाराबाहेर. आत सुती अ‍ॅप्रन, चष्मा, बंद बूट – नायलॉन पेटला की वितळून अंगाला चिकटतो. लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात २००८ च्या डिसेंबरात टर्ट-ब्युटिल लिथियम ओढताना सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, ते हवेत पेटलं, आणि अवघ्या २३ वर्षांच्या संशोधन-सहायक मुलीचा स्वेटर पेटला. अ‍ॅप्रन अंगात नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. हे तुला घाबरवायला सांगत नाही. सुट्टीच्या दिवशी ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून अ‍ॅप्रनशिवाय आत शिरशील तेव्हा आठवावं म्हणून सांगते.

६. हवेत पेट घेणारं काहीही एकटीने हाताळू नकोस – शेजारी माणूस असणं हे अकरा जणांच्या कंपनीत जमवावं लागतं, आपोआप जमत नाही. आधी वेळ ठरव, मग बाटली उघड.

आता रेणूच्या ओळखीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण माझ्या मते निम्मी संकटं इथेच जन्माला येतात.

७. विकत आणलेल्या कंपाउंडचाही एनएमआर, म्हणजे रचना दाखवणारा आलेख, काढ, मग कंपनी कितीही नावाजलेली असो – बाटलीवर छापलेलं नाव ही विक्रेत्याची समजूत असते. बॉसुटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. २०१२ मध्ये असं उघडकीला आलं, की संशोधनासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या बॉसुटिनिबपैकी बराच माल मुळात बॉसुटिनिब नव्हताच. रिंगवर क्लोरीनचे दोन अणू आणि एक मेथॉक्सी गट असतो, त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. अणू तेवढेच, त्यामुळे वजन तंतोतंत तेच, आणि मास स्पेक्ट्रम बघणारे निर्धास्त. कित्येक प्रयोगशाळांनी भलत्याच रेणूवर प्रयोग करून निष्कर्ष लिहिले होते.

८. वजन जुळलं तर ‘जुळलं’ एवढंच लिही, ‘हाच तो’ असं लिहू नकोस. एखाद्या रेणूवर कंपनीचं भवितव्य टांगायचं असेल तेव्हा त्याचा स्फटिक मिळवून एक्स-रे रचना काढून घ्या – टीआयसी-१० नावाच्या कर्करोगविरोधी रेणूची पेटंटात दिलेली रचना सरळ होती. स्क्रिप्सच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती जशीच्या तशी बनवली तर ती निष्क्रिय निघाली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की काम करणारा रेणू कोनात वळलेला आहे. पेटंट एका रचनेचं, गुण दुसरीचा. वकिलांना त्यात किती काम मिळालं असेल बघ.

९. बॅचची शुद्धता ९५ टक्क्यांखाली असेल तर ती बायोलॉजीकडे पाठवू नकोस, आणि पाठवलीसच तर तोंडाने सांगून पाठव – उरलेल्या चिमूटभर कचऱ्यानेही टार्गेट, म्हणजे ज्या प्रथिनावर औषध चालायचं ते, बंद पडू शकतं. शिल्लक राहिलेल्या जस्तामुळे असं झाल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे, आणि असा धातू एलसीएमएसवर किंवा एनएमआरवर तुला दिसायचाही नाही.

१०. आश्चर्य वाटावं असा चांगला आकडा आला की तीच बॅच पुन्हा तपास, आणि मग कंपाउंड नव्याने बनवून पुन्हा तपास – एका बॅचचा आनंद पेढे वाटण्याइतका पक्का नसतो.

११. डीएमएसओ या द्रावकाची बाटली उघडी ठेवून गप्पा मारू नकोस, विशेषतः जून ते सप्टेंबर – ते हवेतलं पाणी पितं. पाणी शिरलं की स्टॉक पातळ होतो, आणि काही कंपाउंडं गुपचूप खाली बसतात. मग बायोलॉजिस्ट म्हणते, ‘तुमचं कंपाउंड चालत नाही’, आणि बिचारं कंपाउंड बाटलीच्या बुडाशी असतं.

१२. एकच मोठा स्टॉक वारंवार वितळवण्यापेक्षा छोट्या छोट्या नळ्यांत वाटून गोठव – गोठणं-वितळणं जितक्या वेळा, तितका तो बिघडायला वाव. डीएमएसओ साधारण १८-१९ अंशांनाच गोठतं, म्हणजे डिसेंबरातल्या पुण्याच्या सकाळी टेबलावरसुद्धा. तेव्हा वापरण्याआधी नळी पूर्ण वितळली का आणि तळाशी काही उरलं का, हे उजेडासमोर धरून बघ.

बायोलॉजीच्या बाजूला जाऊ. तू केमिस्ट आहेस म्हणून हा भाग वगळायचा विचार असेल, तर तो मनातून काढ.

१३. पहिल्या महिन्यात एकदा तरी बायोलॉजिस्टच्या शेजारी बसून अख्खा असे (assay), म्हणजे कंपाउंडची चाचणी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ – आयसी-५०, म्हणजे निम्मा परिणाम घडवणारी मात्रा, हा आकडा कागदावर एकटाच येतो, पण तो कोणत्या पेशींतून, किती तास थांबून, कोणत्या रंगद्रव्याच्या चमकेतून आला हे पाहिलंस की त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. तिलाही एकदा तुझ्या हूडपाशी उभं कर. एक कॉलम बघितला की ‘उद्या अजून ५० मिलिग्रॅम द्या’ असं ती सहज म्हणणार नाही.

१४. प्रत्येक प्लेटवर कंट्रोल हवाच, आणि सगळ्या खळग्यांत डीएमएसओचं प्रमाण सारखं हवं, पेशी असतील तर साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत – नाहीतर पेशी औषधाने मेल्या की द्रावकाने, हे ठरवता येत नाही. कडेच्या खळग्यांतलं पाणी लवकर उडतं, म्हणून जिवापाड जपलेलं कंपाउंड कोपऱ्यात ठेवू देऊ नकोस.

१५. सगळ्या टार्गेटांवर चालणारा रेणू दिसला की हुरळण्याआधी त्याचा पूर्वेतिहास काढ – काही रेणू असेलाच फसवतात: स्वतः चमकतात, प्रथिनांना कुठेही चिकटतात, गोळे बनवून एन्झाइम गुंडाळून टाकतात. बेल आणि हॉलोवे या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये अशा फसव्या रचनांची यादीच छापली. ती छापून भिंतीवर लाव. आणि आपल्या घरातला नमुना सांगू? हळदीतलं करक्युमिन. ते चमकतं, टिकत नाही, पोटातून रक्तात जेमतेम पोचतं, आणि असेत मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘चालतं’. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्यात त्याच्याविषयी हेच सविस्तर मांडलं आहे. दुधात हळद घालून तुला देणं मी सोडणार नाही, पण त्यावर कंपनी काढू नकोस.

१६. गोळे होण्याची शंका आली तर असेत चिमूटभर डिटर्जंट, ट्रायटन वगैरे, घालून पुन्हा बघायला सांग – गोळा विरघळला आणि परिणामही गेला, तर तो गुण रेणूचा नव्हता. स्वस्त परीक्षा आहे, एका दुपारची.

१७. पेशींची ओळख डीएनए तपासून पक्की करून घ्या, आणि पेशींत गुपचूप शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूंची तपासणी नेमाने करा – एमडीए-एमबी-४३५ ही पेशींची ओळ जगभर अनेक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, आणि पुढे ती त्वचेच्या मेलानोमाची निघाली. ज्यांचं सगळं काम त्या पेशींवर उभं होतं त्यांचा विचार कर.

१८. रेणू टार्गेटवरच बसतो आहे याचा वेगळ्या मार्गाने पुरावा माग. पेशी मेल्या एवढ्यावर समाधान मानू नकोस – पेशी मरायला हजार कारणं असतात. इनिपॅरिब हा रेणू पार्प एन्झाइम रोखणारा म्हणून रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत गेला. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरची ती चाचणी फसली, आणि तो पार्पला नीट रोखतच नाही हे नंतर स्पष्ट झालं. स्त्रिया आशेने चाचणीत आल्या होत्या गं. आपल्या वहीतला ढिलेपणा शेवटी कोणाच्या तरी अंगावर जातो.

१९. प्रसिद्ध लेखावरून नवं टार्गेट उचलायचं असेल, तर पहिले दोन-तीन महिने तोच प्रयोग आपल्या हातांनी जमतो का एवढंच बघा – एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघितले, त्यांतले ६ जुळले. हे २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. लिहिणारे सगळे लबाड होते असं नाही. पण त्यांच्या सद्भावनेवर तुमचे पगार निघणार नाहीत.

२०. विद्राव्यता पहिल्या आठवड्यातच तपास – पाण्यात न विरघळणारा रेणू असेत शूर, पोटात मुका. आपल्या मुलुंडला होक्स्टच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कोलियसच्या मुळांतून फोर्सकोलिन वेगळं काढलं. पेशींतला एक मूलभूत स्विच चालू करणारा असा रेणू की जगभरच्या प्रयोगशाळा तो आजही वापरतात. पण पाण्यात तो विरघळायला तयार नाही. पुढे जपानमध्ये त्याला विरघळणारी शेपटी जोडून हृदयासाठीचं औषध तयार झालं. मुंबईत इतकं मोठं काम झालं, याचा अभिमान बाळग आणि त्यातला धडाही घे.

२१. लिपिन्स्कीचा १९९७ चा नियम पाठ असू दे, वजन ५०० च्या आत, चरबीत विरघळण्याचा आकडा ५ च्या आत वगैरे. पण त्याला सोवळं समजू नकोस – तो तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीचा अंदाज आहे, आणि त्याबाहेरची चांगली औषधंही आहेत. नियम मोडायचा तर का मोडतो आहोत ते वहीत लिहून मोड.

२२. हर्ग चॅनेलची तपासणी लांबणीवर टाकू नका – हृदयाचे ठोके सांभाळणारा हा दरवाजा अडला की लय बिघडते. टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी लाखो लोक घेत. एरवी यकृत तिचं झटपट दुसऱ्या रेणूत रूपांतर करायचं, म्हणून धोका दिसायचा नाही. पण सोबत एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनॅझोल घेतलं की यकृताचं काम अडायचं आणि टर्फेनाडिन रक्तात साठायचं. माणसं दगावली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ती गोळी बाजारातून गेली. तिचं यकृतात जे रूपांतर व्हायचं ते फेक्सोफेनाडिन, तुझ्या बाबांच्या शिंकांवर आजही चालतं ते. दोन्ही रेणू सख्खे, स्वभाव वेगळे. म्हणून शरीरात आपल्या रेणूचं काय होतं हे बघणारी जी तुमची एकटी बाई आहे ना, तिला शेवटी बोलवू नका. पहिल्या बैठकीपासून ती टेबलाशी हवी.

२३. प्राण्यांवरचा प्रयोग नैतिकता समितीच्या मंजुरीच्या एक दिवसही आधी सुरू होऊ देऊ नकोस, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर पेशींत मिळतं तो उंदराला विचारू नकोस – तो जीव आहे, आणि उथळ आखणीचा प्रयोग त्याच्यावर दोनदा करावा लागतो.

२४. बाहेरच्या कंपनीकडून चाचण्या करून घ्याल तेव्हा पीडीएफवर समाधान न मानता कच्चा डेटा मागा. आणि अधूनमधून एकच कंपाउंड दोन वेगळ्या नंबरांनी पाठवा – दोन्ही आकडे जवळपास आले तर निश्चिंत व्हा, नाही आले तर फोन उचला. हा अविश्वास नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहतो, तेवढंच.

२५. पेटंटचा अर्ज होईपर्यंत परिषदेत पोस्टर नाही, लिंक्डइनवर रचनेचा फोटो नाही, कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तर नाहीच – एकदा जगासमोर आलं की नवेपण गेलं. परदेशात आधी अर्ज करायचा तर भारतातल्या रहिवाशाला पेटंट कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. देशी वनस्पतीतून काही काढलं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचं काय ते आधीच वकिलांना विचारा.

२६. पैसे किती महिन्यांचे उरलेत हे संस्थापकांना मोकळेपणाने विचार – बिरॅक या सरकारी संस्थेचं अनुदान टप्प्याटप्प्याने येतं, आणि पुढचा टप्पा कोणत्या प्रयोगावर अडला आहे हे ठाऊक असलेली केमिस्ट योग्य कंपाउंड आधी बनवते.

आता माणसांविषयी. हे सगळ्यांत शेवटी सांगते आहे, पण वाचताना पहिलं धर.

२७. थांबायचं कधी हे प्रयोगाच्या आधी फळ्यावर लिहा, आकड्यासकट – निकाल आल्यावर मन लगेच त्याची वकिली करायला लागतं, आणि ज्या रेणूला आपण लाडाने टोपणनाव दिलंय त्याची तर जास्तच.

२८. वाईट बातमी त्याच दिवशी, संध्याकाळच्या चहाच्या आत सांग – शंका ताजी असते तेव्हा स्वस्त, शिळी झाली की महाग. जी कंपनी वाईट बातमी आणणाऱ्याचे आभार मानते, ती माझ्या मते टिकते. तुमच्याकडे तसं नसेल तर तू सुरू कर: दुसऱ्या कोणी अशी बातमी आणली की तिथेच, सगळ्यांसमोर, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हण.

२९. ‘माझं कंपाउंड’ म्हणू नकोस, नंबराने बोल – स्वतःचं म्हटलं की त्याचा दोष दुसऱ्याने दाखवलेला खपत नाही. श्रेयाची काळजी करू नकोस, वहीतल्या तारखा ते सांभाळतात. म्हणून तर म्हटलं, वही त्याच दिवशी.

३०. फारसं न बोलणाऱ्या माणसाला बैठकीत एकदा तरी ‘तुला काय वाटतं?’ म्हणून विचार – प्लेट रोज हातात धरणाऱ्या तंत्रज्ञाला जे खटकलेलं असतं ते आलेखात कधीच उमटत नाही.

३१. धीर धर, पण आंधळा नको – छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं, त्यामागे १४ वर्षांचं काम होतं. ती कंपनी मोठी, तुमची छोटी. एवढा रस्ता तुम्ही बहुधा एकटे चालणार नाही. अर्ध्यावर कोणीतरी मोठा तुमचा रेणू विकत घेईल आणि घेण्याआधी प्रत्येक वही उघडून बघेल. ती उघडून बघण्यासारखी ठेवा.

३२. डबा लॅबच्या बाहेर खा, हात धुऊन खा, आणि सगळ्यांबरोबर खा – केमिस्टचं आणि बायोलॉजिस्टचं खरं बोलणं बैठकीत कमी आणि पोळी-भाजीवर जास्त होतं.

सोमवारी गेल्यावर लगेच काही सुचवायला जाऊ नकोस. आधी फ्रीजरमध्ये काय-काय आहे त्याची यादी माग. यादी नसेल, तर तुझं पहिलं काम तेच.